वहीवरून मोजली जाणारी हजेरी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित आणि मराठी शिकवून मी निवृत्त झाले. इतकी वर्षे रोज पहिल्या तासाला कॅटलॉग उघडून मी नावे पुकारली. ज्याने ‘हजर’ म्हटले तो हजर आणि ज्याचे उत्तर आले नाही तो गैरहजर, यापलीकडे हजेरीचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. गेल्या वर्षी ऑगस्ट ते जानेवारी असे सहा महिने मी कॅलिफोर्नियात मुलाकडे राहिले. तिथे आठवीत शिकणाऱ्या माझ्या नातीच्या हजेरीवरून घरात जो प्रसंग ओढवला, त्यामुळे हा विचार मला पुन्हा मुळापासून करावा लागला. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे त्या राज्यात आहेत आणि त्यांच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर निदान नियम काय आहे हे आधी ठाऊक असावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे. ते जरा लांबले आहे, पण नियम अर्धवट सांगून हा विषय समजणार नाही.

नातीच्या पाठीच्या दुखण्यामुळे तिला सलग सहा-सात तास बाकावर बसणे अशक्य झाले होते. डॉक्टरांनी वर्षभर जपायला सांगितले, तेव्हा मुलाने आणि सुनेने तिचे नाव त्याच भागातील सरकारी शाळेच्या ‘इंडिपेंडंट स्टडी’ या शाखेत घातले. स्वतंत्र अभ्यासाची ही सोय कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यातच आहे. मूल घरी किंवा सोयीच्या ठिकाणी अभ्यास करते, परंतु ते सरकारी शाळेचेच विद्यार्थी राहते, अभ्यासक्रम शाळेचा असतो आणि त्याच्यावर देखरेख करणारा शिक्षक रीतसर पात्रताधारक असतो. आपल्याकडच्या नातेवाइकांना हे सांगू लागले की बहुतेकांना आपला सतरा नंबरचा फॉर्म आठवे, म्हणजे वर्षभर मोकळे आणि शेवटी परीक्षा. तसे ते अजिबात नाही. ज्या पालकांना मुलाला पूर्णपणे घरीच शिकवायचे असते, ते तिथे स्वतःच्या घराची खासगी शाळा म्हणून दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात राज्याकडे प्रतिज्ञापत्र भरतात. तोही वेगळा मार्ग आहे. इंडिपेंडंट स्टडीमधील मुलाला शाळेचे सगळे नियम लागू असतात, आणि त्यात ६ ते १८ वर्षे वयापर्यंत सक्तीच्या शिक्षणाचा नियमही आला.

प्रवेशाच्या वेळी एक लेखी करार होतो. त्यावर विद्यार्थी, पालक आणि शिक्षक अशा तिघांच्या सह्या लागतात. काम कोणत्या दिवशी, कुठे आणि कशा रीतीने सादर करायचे, एक काम दिल्यापासून ते पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त किती मुदत आहे, आणि किती कामे राहिली म्हणजे या मुलाला या शाखेत ठेवावे की नाही याची चौकशी होईल, हे सारे त्या करारात लिहिलेले असते. हा मार्ग ऐच्छिक आहे आणि मुलाला वर्गात परत जाण्याचा पर्याय कायम खुला आहे, हेही त्यात स्पष्ट नमूद करावे लागते. करार एका शालेय वर्षापुरता असतो. नातीच्या करारावर तिची गोल अक्षरातली सही होती. तेरा वर्षांच्या मुलीकडून शाळा एखाद्या कागदावर सही घेते आणि ती सही मानते, याचे मला त्या वेळी फार कौतुक वाटले होते. मात्र तो कागद घरातल्या कोणीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला नव्हता, हे नंतर लक्षात आले.

आता हजेरीविषयी. ही मुले वर्गात येत नाहीत, त्यामुळे त्यांची हजेरी बसलेल्या तासांवर मोजता येत नाही. मुख्यतः मुलाने पूर्ण करून दिलेल्या कामावरून ती मोजली जाते. देखरेख करणारा शिक्षक ते काम स्वतः पाहतो आणि ते किती दिवसांच्या शिकण्याएवढे भरते हे ठरवतो. पाच दिवसांसाठी दिलेल्या कामापैकी तीन दिवसांचे भरेल एवढेच हाती आले, तर मूल तीन दिवस हजर आणि दोन दिवस गैरहजर. ते टेबलाशी पाचही दिवस बसले होते की नाही, याला या हिशेबात जागा नाही. शिक्षकाने पाहिलेल्या कामाचे नमुने तारीख आणि सहीसह जपून ठेवावे लागतात, कारण लेखापरीक्षक ते मागू शकतात.

याच्या जोडीला दुसरी एक नोंद असते, आणि घोटाळा होतो तो इथेच. महामारीनंतर २०२१ साली कॅलिफोर्नियाने असेंब्ली बिल १३० या कायद्याने इंडिपेंडंट स्टडीचे नियम बरेच कडक केले. दीर्घ काळ या शाखेत राहणाऱ्या मुलांपैकी तिसरीपर्यंतच्या मुलांना रोज शिक्षकाने थेट (समोरासमोर किंवा पडद्यावरून) शिकवलेच पाहिजे, चौथी ते आठवीच्या मुलांशी रोज थेट संवाद आणि आठवड्यातून किमान एकदा प्रत्यक्ष अध्यापन झाले पाहिजे, आणि नववी ते बारावीसाठी किमान आठवड्यातून एकदा असे अध्यापन झाले पाहिजे, अशी वर्गवारी त्यात आहे. मूल अशा ठरलेल्या संवादाला आले नाही, तर त्या दिवसापुरता त्याचा सहभाग नाही अशी नोंद होते. म्हणजे संवादाला आले की नाही याची नोंद एकीकडे आणि कामाचा हिशेब दुसरीकडे. माझ्या मुलाने आणि सुनेने या दोन्ही नोंदी एकच धरल्या. सकाळी पडद्यावर शिक्षिका दिसल्या, नातीने हात हलवला, दोन वाक्ये बोलली, की आजची हजेरी लागली, असे त्यांनी गृहीत धरले. मीही तेच धरले. ३१ वर्षे ‘हजर’ हा शब्द ऐकून हजेरी लावलेल्या बाईला दुसरे काय सुचणार?

सप्टेंबरच्या अखेरीस टपालाने एक पाकीट आले. पत्र एका पानाचे, छापील, नाव आणि तारखा तेवढ्या वेगळ्या टाइपात घातलेल्या. आपल्या पाल्याची पाच दिवस सबळ कारणाविना गैरहजेरी नोंदली गेली असून कायद्यानुसार तिची गणना ‘ट्रुअंट’ म्हणजे शाळा बुडवणाऱ्या मुलांमध्ये होत आहे, मुलाला शाळेत हजर ठेवणे हे पालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असा त्याचा आशय होता. खाली पाच तारखा एकाखाली एक छापलेल्या होत्या. त्या पाचही दिवशी ती मुलगी माझ्या समोर, खिडकीजवळच्या टेबलाशी, पाठीला उशी लावून अभ्यास करत बसलेली मी स्वतः पाहिली होती. तिने पत्र वाचले आणि मला विचारले, “आजी, मी शाळा बुडवली का?” मी तिला उत्तर देऊ शकले नाही. आपल्या भाषेत शाळा बुडवणारे, दांडी मारणारे मूल म्हणजे घरातून दप्तर घेऊन निघून भलतीकडे जाणारे मूल. हा शब्द या मुलीला कसा लावायचा, हे मला समजेना.

त्याच आठवड्यात शिक्षिकेची भेट मिळाली. त्या अत्यंत समंजस बाई होत्या आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यातला दोष त्यांच्याकडे जात नाही, हे मी आधीच सांगते. त्यांनी नातीच्या नावाची फाइल उघडून आमच्यापुढे ठेवली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि त्यांची आद्याक्षरे होती. पहिल्या आठवड्यात इतिहासाचे आणि इंग्रजीचे काम पूर्ण होते, विज्ञानाच्या प्रयोगाची टिपणे नव्हती. ती टिपणे घरी वहीत होती, पण त्यांचे फोटो काढून शाळेच्या पोर्टलवर चढवायचे राहून गेले होते. दुसऱ्या आठवड्यातले एक पान मला आजही डोळ्यांसमोर दिसते. बीजगणिताची २० उदाहरणे, वीसच्या वीस उत्तरे बरोबर आणि एकाही उदाहरणाला पायरी नाही. मी शिक्षिका असते तर मीही त्या पानावर लाल शाईने प्रश्नचिन्हच काढले असते. बाईंनी नातीला कोरा कागद दिला आणि सातवे उदाहरण सोडवायला सांगितले. तिने ते चार-पाच मिनिटांत सर्व पायऱ्यांसह सोडवले. बाईंनी मान डोलावली आणि काम तिचेच आहे याची आपल्याला खात्री पटली, असे त्या म्हणाल्या. पण करारातली मुदत उलटून गेली होती, त्यामुळे ते दिवस परत मिळाले नाहीत. पहिल्या आठवड्याचे तीन दिवस धरले गेले, दुसऱ्याचे दोन. उरलेले पाच दिवस त्या पत्रात होते.

मी रात्रभर या गोष्टीचा विचार केला. पहिल्या रागाच्या भरात मला तो नियमच अन्यायाचा वाटला होता, पण जसजसा विचार केला तसतसे माझे मत बदलले. माझ्या वर्गात ‘हजर’ म्हणून उत्तर देणारी आणि चाळीस मिनिटे खिडकीबाहेर पाहत बसणारी मुले होती. कॅटलॉगमध्ये त्यांचा महिना पूर्ण भरलेला असे. त्या मुलांनी त्या महिन्यात काय केले, हे कॅटलॉग कधीही सांगू शकला नसता. इथे मात्र शिक्षिकेच्या हातात पान होते आणि त्या पानावरून ती बोलत होती. हजेरी ही केलेल्या कामाची पावती असावी, हे तत्त्व मला आज पटलेले आहे. पायऱ्या न लिहिलेले पान शिक्षकाने पूर्ण दिवसाचे धरू नये, हेही पटलेले आहे. कारण घरी बसून उत्तरे कुठूनही मिळू शकतात आणि पायऱ्या सोडल्या तर शिक्षकाजवळ दुसरा पुरावा उरत नाही.

नियम इतका काटेकोर असण्यामागे आणखी एक कारण आहे, ते पैशाचे. कॅलिफोर्नियात शाळांना अनुदान मिळते ते नोंदवलेल्या पटावर मिळत नाही, सरासरी दैनंदिन उपस्थितीवर मिळते. मूल आजारी पडून रजेवर असले तरी त्या दिवसाची उपस्थिती शाळेला मिळत नाही. त्यामुळे इंडिपेंडंट स्टडीमध्ये शिक्षकाने ‘पाच दिवस’ असे लिहिणे म्हणजे सरकारी तिजोरीतून पाच दिवसांचे पैसे उचलण्यावर सही करणे होय. या सहीचा गैरवापर किती भयंकर होऊ शकतो, हे त्या राज्याने पाहिले आहे. २०१९ साली सॅन डिएगो परगण्यात ए-थ्री या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर, पण स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळांच्या) जाळ्याविरुद्ध खटला भरला गेला आणि ११ जणांवर आरोप ठेवले गेले. खेळांच्या संघांतल्या मुलांची नावे पटावर चढवून, त्या मुलांना प्रत्यक्षात काहीही न शिकवता राज्याकडून पैसे घेतले गेले होते आणि शाळांनी उचललेली रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर होती. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने वर्गाबाहेर चालणाऱ्या नव्या चार्टर शाळांना २०२० पासून काही काळ परवानगी देणे थांबवण्यात आले. आपल्याकडच्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस महाराष्ट्रभर झालेली पटपडताळणी आणि तीत उघड झालेला बोगस पट ज्यांनी पाहिला आहे, त्या प्रत्येक शिक्षकाला उपस्थितीच्या आकड्याला पैसा जोडला की काय होते, ते ठाऊक आहे. मी त्या तीन दिवसांत पडताळणी पथकासमोर उभी राहिलेली आहे. म्हणून शिक्षिकेने नातीला पाच दिवस कमी दिले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

माझी तक्रार पुढच्या टप्प्याविषयी आहे. काम कमी भरले या गोष्टीचे रूपांतर ‘ट्रुअंट’ या शब्दात कसे होते आणि ते कोणत्या क्रमाने होते, याविषयी.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्यात ट्रुअन्सीची व्याख्या अशी आहे की, एका शालेय वर्षात तीन पूर्ण दिवस सबळ कारणाविना गैरहजर राहिलेले, किंवा तीन वेळा अर्ध्या तासाहून अधिक वेळ विनाकारण उशिरा आलेले अथवा वर्गाबाहेर राहिलेले मूल ट्रुअंट ठरते आणि त्याच्या पालकांना तसे कळवावे लागते. तीन वा अधिक वेळा असा अहवाल गेला आणि पालकांशी बैठक घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न होऊनही फरक पडला नाही, तर ते सवयीचे ट्रुअंट. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के वा त्याहून अधिक दिवस विनाकारण बुडाले, तर त्यापुढची पायरी. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस होतात. प्रकरण चिघळले तर ते स्कूल अटेंडन्स रिव्ह्यू बोर्ड या मंडळाकडे जाते. १९७४ पासून असलेल्या या मंडळात शाळेचे अधिकारी, समाजसेवक, कायदा-सुव्यवस्थेचे प्रतिनिधी, पालक अशी माणसे एकत्र बसतात, आणि मुलाला न्यायालयाच्या दारापर्यंत न नेता प्रश्न सोडवणे हा मंडळाचा मूळ हेतू आहे. शिवाय ‘दीर्घकालीन गैरहजेरी’ म्हणून एक वेगळा आकडा राज्य प्रसिद्ध करते. त्यात आजारपणासह सर्व कारणांनी १० टक्के दिवस गमावलेली मुले येतात. हा आकडा २०१८-१९ मध्ये १२.१ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३० टक्क्यांवर गेला. इतकी मुले शाळेपासून तुटल्यावर शासनाने जागरूक राहणे साहजिक आहे, आणि त्या काळजीला माझा विरोध असण्याचे कारण नाही.

पण तीन दिवसांची ही व्याख्या ज्या शाळेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली, ती शाळा म्हणजे चार भिंतींची, घंटा होणारी आणि फाटक असलेली शाळा. तिथे मूल न आल्याचे त्याच दिवशी, त्याच तासाला समजते. इंडिपेंडंट स्टडीमध्ये मूल ‘आले नाही’ हे कळते ते आठवडा संपून काम हाती आल्यावर, आणि तेव्हा गैरहजेरीचे दोन, तीन किंवा चार दिवस एकदमच उभे राहतात. वर्गातल्या मुलाच्या पहिल्या गैरहजेरीनंतर पालकाला दोन दिवसांचा अवधी असतो. इथे एकाच शुक्रवारी तीन दिवसांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि पालकाला पत्ताही नसतो. हा फरक मी त्या शिक्षिकेला बोलून दाखवला, तेव्हा त्यांनी तो मान्य केला. पत्र आपण पाठवले नव्हते, हजेरीची संगणक प्रणाली मर्यादा ओलांडली की ते आपोआप काढते, असे त्यांनी सांगितले.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, इंडिपेंडंट स्टडीसाठी कायद्याने स्वतंत्र आणि फार चांगली वाट आधीच आखून दिलेली आहे. २०२१ च्या कायद्यात आणि पुढच्या वर्षी झालेल्या दुरुस्तीत असे म्हटले आहे की, सलग चार आठवड्यांत आवश्यक अध्यापनकाळापैकी १० टक्क्यांहून अधिक काळाची उपस्थिती ज्या मुलाची बुडते, किंवा जे महिन्यातल्या निम्म्याहून अधिक प्रत्यक्ष तासांना येत नाही, किंवा जे कराराचा भंग करते, त्याला पुन्हा अभ्यासाकडे आणण्याचे टप्पे शाळेने आधीच ठरवलेले असले पाहिजेत. त्या टप्प्यांत पहिली गोष्ट म्हणजे पालकांचा सध्याचा पत्ता आणि दूरध्वनी बरोबर आहे की नाही हे तपासणे. दुसरी, गैरहजेरी वा असहभागाची नोंद झाल्यापासून शाळेच्या एका दिवसाच्या आत पालकांना कळवणे. तिसरी, मुलाला कशाची गरज आहे हे शोधणे, त्यात आरोग्य आणि समाजसेवेची मदतही आली. आणि मग विद्यार्थी, पालक व शिक्षक यांची बैठक, जीत करार पुन्हा वाचला जातो आणि हा मार्ग या मुलाला मानवतो आहे का, हे ठरते. ठरावीक कामे राहिल्यावर जी चौकशी होते, तिचाही प्रश्न एवढाच असतो की, या शाखेत राहणे मुलाच्या हिताचे आहे की वर्गात परतणे, आणि त्या निष्कर्षाची नोंद तीन वर्षे जपावी लागते. ज्याने कोणी हे कलम लिहिले असेल, त्याला मुले ठाऊक होती असे माझे मत आहे.

आमच्या बाबतीत यातली पहिलीच पायरी गळाली होती. एका दिवसात कळवण्याचा नियम कागदोपत्री पाळला गेला होता. दर वेळी सूचना ई-मेलने गेली होती. पण ती गेली नातीच्या जुन्या शाळेत तीन वर्षांपूर्वी दिलेल्या पत्त्यावर, जो सून नोकरी बदलल्यापासून उघडतही नव्हती. नव्या शाखेचा करार करताना कोणीही तो पत्ता तपासून घेतला नाही, शाळेने नाही आणि आम्हीही नाही. त्यामुळे पहिल्या चुकलेल्या कामाची बातमी घरी पोहोचली ती थेट कायद्याच्या भाषेत, टपालाने, पंधरा दिवसांनंतर. एक फोन आला असता तर विज्ञानाची टिपणे त्याच संध्याकाळी पोर्टलवर चढली असती आणि पाचऐवजी दोन-तीन दिवसच गेले असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, इंडिपेंडंट स्टडीच्या मुलाबाबत ट्रुअन्सीचे पत्र संगणकाने काढू नये. ज्या शिक्षकाने काम पाहून दिवस कमी केले, त्याने पालकांशी प्रत्यक्ष बोलल्याची तारीख नोंदल्याशिवाय ते पत्र निघता कामा नये. काम देण्यात कमी पडलेले मूल आणि कुठे आहे हेच माहीत नसलेले मूल, या दोघांना एकच शब्द लावल्याने दुसऱ्या मुलाचा शोध अधिक जोमाने होत नाही आणि पहिल्याचा धीर मात्र खचतो. आमच्या नातीने त्या पत्रानंतर चार दिवस सकाळच्या संवादात तोंड उघडले नाही. शिक्षिकेने तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला वाटते मी खोटे बोलते.” तिच्या वयाच्या मुलांना नियमाची शिक्षा सहन होते, संशय सहन होत नाही. मी हे शेकडो मुलांत पाहिले आहे.

भाषेविषयी एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या शाळेत १५ टक्के वा अधिक विद्यार्थ्यांची मातृभाषा इंग्रजीखेरीज दुसरी एकच असेल, तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही द्याव्या लागतात, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. मराठी भाषकांची संख्या तिथे कोणत्या शाळेत इतकी भरेल असे मला वाटत नाही, आणि आमच्या मुलांना इंग्रजी उत्तम येते हेही खरे. परंतु दिवसभर घरात मुलाजवळ असते ते बहुधा आजी-आजोबांपैकी कोणीतरी. करारातली चार महत्त्वाची कलमे कोणीतरी त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे, हे त्या घरातल्या आई-वडिलांचेच काम आहे. माझ्या मुलाने ते ऑक्टोबरमध्ये केले. ते ऑगस्टमध्ये व्हायला हवे होते.

आजी-आजोबांसाठी आणखी थोडे. घरात शिक्षक राहिलेले कोणी असले की मोह होतो. नातीच्या निबंधातली वाक्ये सरळ करावीत, अडलेले उदाहरण आपणच सोडवून द्यावे, शुक्रवार जवळ आला की उरलेले पान भरून टाकावे. पत्र आल्यावर पुढच्याच आठवड्यात, रात्री साडेनऊला, तिचे एक पान रिकामे दिसले आणि माझ्या हातात पेन्सिल आली होती. मी ती खाली ठेवली, कारण जिथे पान हीच हजेरी आहे, तिथे ते पान मी भरणे म्हणजे तिच्या जागी मी ‘हजर’ म्हणून उत्तर देणे झाले असते. त्या आठवड्यात तिचे चार दिवस भरले आणि एक गेला. तिला ते चालले. घरातल्या मोठ्याने करायचे काम वेगळे आहे: वेळ ठरवून देणे, काम संपले की ते पोर्टलवर गेले का ते विचारणे, संवादाच्या वेळा आणि डॉक्टरांच्या वेळा एकमेकांवर आदळणार नाहीत हे पाहणे. आमच्याकडे नेमके फिजिओथेरपीच्या दिवशीच सकाळचे संवाद बुडत होते आणि दुसरी वेळ मागता येते, हे कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर शिक्षिकेने ती एका दिवसात बदलून दिली.

प्रत्येक मुलाला हा मार्ग झेपेल असेही मी म्हणणार नाही. ज्या घरात दिवसभर एकही मोठे माणूस नाही, तिथे दहा-बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या कामाचा आठवडा स्वतः आखावा, ही अपेक्षा फार जड आहे. अशा मुलाला वर्गात परत पाठवण्याचा निर्णय शिक्षकाने लवकर आणि न संकोचता घ्यावा, पालकांनी त्यात कमीपणा मानू नये. वर्गात बाजूला मित्र असतो, समोर शिक्षक असतो, आणि ‘आता पुस्तक काढा’ असे कोणीतरी म्हणते. या तीन गोष्टींचा आधार किती मोठा आहे, हे तो सुटल्यावर कळते.

आपल्याकडे हजेरीच्या ७५ टक्क्यांवरून वाद चालतात. नाव एका महाविद्यालयात आणि मूल दिवसभर दुसऱ्याच क्लासमध्ये, असे प्रवेश सर्रास होतात आणि तिथली हजेरी कागदावर भरली जाते. शाळेबाहेर शिकणे हे काही लाजिरवाणे नाही. पण त्याला मान्यता द्यायची असेल, तर कोणत्या शिक्षकाने, कोणत्या तारखेला, कोणते पान पाहून तो दिवस धरला, हे दाखवता आले पाहिजे. ज्यांच्या हाती असे निर्णय आहेत, त्यांनी कॅलिफोर्नियाच्या नियमांतला हा भाग जरूर अभ्यासावा, आणि त्याबरोबर एका दिवसात पालकांना कळवण्याचा भागही.

माझ्या परतीच्या आधी, जानेवारीत, मुलाने आणि सुनेने शाळेच्या जिल्हा कार्यालयाला एक लेखी विनंती केली. तिच्यात दोन मागण्या आहेत. करारावर सही घेतानाच पालकांचे दूरध्वनी आणि ई-मेल त्यांच्यासमोर तपासून घ्यावेत आणि दिवसभर घरी असणाऱ्या व्यक्तीचाही क्रमांक नोंदवावा, ही पहिली. ट्रुअन्सीचे पहिले पत्र शिक्षकाच्या बैठकीनंतरच काढावे, ही दुसरी. कार्यालयाने पत्र मिळाल्याची पोच दिली असून विषय वसंत सत्रातल्या बैठकीत घेऊ असे कळवले आहे. ते पाच दिवस नातीच्या नोंदीत तसेच आहेत आणि ते काढून टाकावेत अशी मागणी आम्ही केलेली नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका